पितळ, पोलादी तार आणि एक खाच : स्लॉट कारच्या सांगाड्याची गोष्ट

काही खेळांचा इतिहास कागदावर फारसा उरत नाही, तो धातूवर उरतो. १९६०च्या दशकात अमेरिकेतील तरुण पोरांनी घरच्या टेबलावर झाळकाम करून छोट्या विद्युत गाड्या बनवल्या आणि शर्यतींत पळवल्या. आजचा धागा त्या गाड्यांच्या पोटाखालच्या पितळी सांगाड्याविषयी आहे. विषय खेळण्यातला वाटेल, पण कारखान्यावर हातकाम कसे मात करते आणि जुना काळ नियमांत बांधून पुन्हा उभा करता येतो का, हे दोन्ही प्रश्न त्यात दडले आहेत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी ‘स्लॉट कार’ म्हणजे काय ते पाहू. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या धावपट्टीत प्रत्येक गाडीसाठी एक अरुंद खाच असते. गाडीच्या नाकाखाली एक पाते असते, त्याला ‘गाईड’ म्हणतात. ते खाचेत उतरते आणि गाडीला वाट दाखवते. खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या असतात. त्यांतून साधारण १२ व्होल्टचा प्रवाह गाडीतल्या मोटरला मिळतो. खेळाडूच्या हातात सुकाणू नसते. त्याच्या हाती असतो फक्त पिस्तुलाच्या घोड्यासारखा एक खटका. तो दाबला की वेग वाढतो, सोडला की मोटरची दोन टोके एकमेकांना जोडली जातात आणि फिरती मोटर स्वतःच ब्रेक बनते. वळणावर अंदाज चुकला, तर पाते खाचेतून निसटते आणि गाडी बाहेर फेकली जाते.

कल्पना तशी जुनी. अमेरिकेतील लायनेल या आगगाड्यांची खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९१२ सालीच विजेवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्या बाजारात आणल्या होत्या. पण त्या फार काळ टिकल्या नाहीत. खरा जम बसला तो ब्रिटनमध्ये. तेथील हौशी मंडळी पन्नाशीच्या दशकात आधी उंचवट्याच्या रुळावर आणि मग खाचेत गाड्या पळवू लागली. १९५७च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळणी-प्रदर्शनात फ्रेड फ्रान्सिस यांनी ‘स्केलेक्स्ट्रिक’ मांडले. चावीवर चालणाऱ्या आपल्याच पत्र्याच्या गाड्यांत त्यांनी विजेची मोटर बसवली होती. हा खेळ आता दिवाणखान्यात आला.

अमेरिकेत मात्र तो दिवाणखान्याबाहेर पडला, आणि आपल्या कथेला वळण मिळते ते येथे. साठच्या दशकाच्या मध्यावर शहरोशहरी भाड्याच्या धावपट्ट्यांची दुकाने निघाली. १/३२ ऐवजी १/२४ मापाच्या गाड्या आल्या. खरी गाडी चार मीटरची असेल तर ही साधारण साडेसोळा सेंटिमीटरची. आठ खाचांच्या, उंच बांधलेल्या वळणांच्या प्रचंड लाकडी पट्ट्यांवर मुले तासाचे पैसे मोजून गाड्या पळवीत. त्यांतल्या ‘किंग’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्टीची एक फेरी १५५ फुटांची, म्हणजे सुमारे ४७ मीटरची होती. इतक्या लांबीवर दिवाणखान्यातली गाडी टिकणे शक्यच नव्हते.

कॉक्स, रसकिट, मोनोग्राम, रेव्हेल अशा कंपन्यांनी तयार गाड्या आणि सुट्या भागांचे संच आणले. कॉक्सचे मॅग्नेशियमचे ओतीव सांगाडे देखणे होते. पण ओतीव सांगाड्याची अडचण अशी की साचा एकदा बनला की तो बदलायला वेळ आणि पैसा लागतो. आज रात्री शर्यत हरलेला मुलगा मात्र उद्या सकाळी आपला सांगाडा कापून पुन्हा जोडू शकत होता. त्याला लागत होते फक्त पितळ, तार, कथील-शिशाची झाळ आणि एक दणकट सोल्डरिंग आयर्न.

हे साहित्य स्लॉट कारसाठी जन्मले नव्हते, आणि मला या इतिहासातला हा भाग सर्वांत रंजक वाटतो. छंदाच्या दुकानात पितळी नळ्या आणि पट्ट्या फूट-फूट लांबीच्या तुकड्यांत आधीपासून मिळत, कारण आगगाड्यांच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांना त्या लागत. पियानोची पोलादी तार विमानांच्या प्रतिकृतींत चाकांचे पाय वाकवण्यासाठी ठेवलेली असे. मोटरी आल्या जपानहून. माबुची कंपनीच्या ‘१६डी’ आणि ‘३६डी’ या स्वस्त, पत्र्याच्या डबीतल्या मोटरी उघडून मुले त्यांतली तांब्याची तार नव्याने गुंडाळू लागली. तीन वेगवेगळ्या छंदांचे उरलेसुरले सामान एकत्र आले आणि त्यातून चौथा छंद उभा राहिला.

आता तांत्रिक प्रश्नाकडे येऊ. वेग वाढवताना गाडीचे नाक उचलले जाते. नाक उचलले की पाते खाचेतून वर येते आणि पुढच्याच वळणावर गाडी बाहेर जाते. यावर उपाय निघाला तो ‘ड्रॉप आर्म’. पाते सांगाड्याला पक्के न जोडता एका बिजागरीच्या दांड्यावर बसवायचे. नाक उचलले तरी दांडा आपल्या वजनाने खाली लोंबतो आणि पाते खाचेत राहते. दुसरा प्रश्न वळणावर उलटण्याचा. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत पितळी पट्ट्या, म्हणजे ‘पॅन’, लावल्या की गुरुत्वमध्य खाली येतो. दशक संपत आले तसे हे पॅनही बिजागरीवर आले. वळणावर ते किंचित हलतात आणि धक्का थेट चाकांपर्यंत पोहोचू देत नाहीत.

येथूनच जड की हलका हा वाद सुरू होतो. त्या गाड्यांना खाली खेचून धरणारे चुंबक नव्हते, हवेने दाबणारे मोठे पंखही सुरुवातीला नव्हते. चाकाला पकड मिळायची ती वजनामुळेच. म्हणून अनेकांनी पितळ ओतप्रोत वापरले. पण जेवढे वजन जास्त, तेवढा वेग घ्यायला उशीर आणि थांबायलाही उशीर. सरळ पट्टीवर जड गाडी मागे पडते, वळणावर अति हलकी गाडी उडते. या कोड्याला एकच एक उत्तर नाही. पट्टी, टायर आणि मोटर बदलली की उत्तरही बदलते.

थोडा हिशेब करू. पितळाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम. सव्वा सेंटिमीटर रुंद, साडेसात सेंटिमीटर लांब आणि १.६ मिलिमीटर जाड अशा दोन पट्ट्या घेतल्या, तर दोन्ही मिळून वजन सुमारे साडेपंचवीस ग्रॅम. तीच जाडी ०.८ मिलिमीटर केली की पावणेतेरा. एवढ्याशा गाडीत हा फरक फार मोठा.

तारेचा हिशेब याहून कठोर आहे. मुख्य दांड्यांसाठी १.६ मिलिमीटरऐवजी १.२ मिलिमीटर व्यासाची तार घेतली, तर वजन जवळपास ४४ टक्क्यांनी घटते. पण गोल तारेचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तो पूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरतो. म्हणजे वजन वाचवायला गेलो आणि सांगाडाच लवचीक झाला. कधी ही लवचीकता हवीच असते, कारण थोडा पीळ घेणारा सांगाडा चारही चाके जमिनीवर ठेवतो. कधी तीच गाडीला वळणावर थरथरवते. पोलाद पितळाच्या साधारण दुप्पट ताठ असते, म्हणून ताण घेणारे दांडे तारेचे आणि वजन द्यायचे भाग पितळाचे, अशी विभागणी त्या पोरांनी केली. पुस्तकी गणित त्यांतल्या किती जणांना येत होते कोण जाणे. शर्यत हरणे हीच त्यांची शाळा होती.

मग १९६८ आले. तोवर मोटर बहुधा गाडीच्या लांबीच्या दिशेने बसे आणि मुकुटासारख्या दातेरी चाकाने आस फिरवी. काही जण ती आसाला समांतर बसवीत, पण मग जागा पुरत नसे. आता मोटर तिरपी बसवण्याची युक्ती पुढे आली. ‘अँगलवाइंडर’ या नावाने ती ओळखली गेली आणि वर्षभरात स्पर्धांतून सरळ मोटर जवळजवळ हद्दपार झाली. कंपन्यांनी गोदामात भरून ठेवलेले संच एका रात्रीत जुनाट ठरले.

त्याच सुमारास दुकानेही धडाधड बंद पडू लागली. कारणे अनेक सांगितली जातात. माझ्या मते त्यांतले एक फार बोलके आहे. संच विकत घेऊन आलेला बारा वर्षांचा नवखा मुलगा आणि महिनोन्महिने सांगाडा घासणारा मुरलेला खेळाडू एकाच पट्टीवर उभे राहत. नवखा दोन-तीनदा हरे आणि परत येत नसे. ज्या हातकामाने खेळ श्रीमंत केला, त्यानेच नव्या गिऱ्हाइकाला दाराबाहेर ठेवले.

जे उरले ते वेगाच्या मागे धावत गेले. सत्तरच्या दशकात पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचाला हवेचे बांध आणि पंख आले, पुढे पोलादी पत्र्याचे छापील सांगाडे आले. आजची पंखवाली गाडी ४७ मीटरची ती फेरी दीड सेकंदाच्या आत संपवते. म्हणजे सरासरी ताशी ११० किलोमीटरहून अधिक! पाहणाऱ्याला गाडी दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. ती गाडी कोणत्याही खऱ्या मोटारीसारखी दिसतही नाही.

याला कंटाळलेल्या मंडळींनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘रेट्रो’ शर्यती सुरू केल्या. आंतरराष्ट्रीय रेट्रो रेसिंग असोसिएशनसारख्या संस्थांनी नियम बांधले. सांगाडा मुख्यतः पितळ आणि पोलादी तार यांचा, चुंबक नाहीत, मोटर ठरवून दिलेली. कॅन-ॲम वर्गात मोटर पुन्हा लांबीच्या दिशेने. कवचे त्या काळच्या गाड्यांची: १९६६ साली जॉन सर्टीस यांनी कॅन-ॲम मालिका जिंकली ती लोला टी७०, पुढच्या वर्षी ब्रूस मॅक्लारेन यांनी जिंकली ती मॅक्लारेन एम६ए.

असा हलका सांगाडा आज कसा बांधतात? सपाट ठोकळ्यावर खुंट्या रोवून आस, मोटर आणि पाते यांच्या जागा आधी पक्क्या करतात. मागच्या आसाची नळी आणि मोटरचा कंस प्रथम जोडला जातो, कारण दातेरी चाकांचे अंतर चुकले तर पुढचे सगळे व्यर्थ. मग तारेचे दांडे पुढे पात्याच्या पट्टीपर्यंत नेतात. शेवटी पातळ पॅन, नळीत फिरणाऱ्या तारेच्या बिजागरीवर, मुद्दाम किंचित सैल. वजन काढायचे ते मधून आणि वरून. नाकाजवळचे काढताना हात आखडता घ्यायचा, नाहीतर पाते खाचेत बसत नाही.

झाळकामाविषयी आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. पितळी भांड्याला कल्हई करताना कल्हईवाला नवसागर का टाकी? धातूवरचा गंज-मळ निघून कथील पसरावे म्हणून. येथे तेच काम आम्लयुक्त फ्लक्स करते. पितळावर झाळ सहज धावते. पोलादी तार मात्र हट्टी, तिला आधी घासून कथिलाचा हात द्यावा लागतो. काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात सांगाडा धुतला नाही, तर उरलेले आम्ल तारेला गंज चढवते. आणि झाळीचा गोळा म्हणजे फुकटचे वजन. चांगल्या कारागिराच्या सांध्यात झाळ दिसते न दिसतेशी असते.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न. ही रेट्रो गाडी १९६७ची आहे का? नाही. तिची मोटर आजच्या कारखान्यातली, टायरचे रबर आजचे, ठोकळा यंत्रावर अचूक कापलेला. त्या वर्षीच्या अस्सल गाडीला ती सहज मागे टाकील. शिवाय नियमांनी एक निवड केली आहे. त्या काळातले ओतीव मॅग्नेशियम, फसलेले प्रयोग, दुकानातून आणलेले सामान्य संच हे सगळे गळाले, आणि हाताने झाळलेला पितळी सांगाडाच त्या काळाचा प्रतिनिधी ठरला. बखर आणि अस्सल कागद यांतला भेद मराठी इतिहासाच्या वाचकाला ठाऊक आहे. रेट्रो शर्यत ही त्या काळाची बखर आहे. ती रसाळ आहे, बरीचशी विश्वासार्ह आहे, पण नंतर लिहिलेली आहे.

अस्सल कागद म्हणजे जुने सांगाडे. त्या वेळच्या मासिकांत काही गाड्यांची रेखाटने छापून आली, पण बहुतेक बनवणाऱ्यांनी एक ओळही लिहून ठेवली नाही. सांगाडा उलटा धरला की ते बोलू लागतात. कापलेल्या दांड्याचे टोक दिसले तर समजावे, येथे आधी काहीतरी वेगळे होते आणि ते जमले नाही. एका पॅनवर दुसऱ्या धातूचा तुकडा चिकटवलेला असेल, तर कोण्या एका पट्टीवर त्या बाजूला वजन कमी पडले होते. सांध्यांना बारीक तांब्याची तार गुंडाळून मग झाळ दिलेली असेल, तर बनवणाऱ्याचा सांधा पूर्वी कधीतरी ऐन शर्यतीत निखळलेला असावा. आणि पोलादी तारेवर, सांध्याच्या अगदी कडेला, तांबूस गंजाचा डाग दिसला, तर साठ वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत होते. आम्ल धुवायच्या आधीच गाडी घेऊन पट्टीकडे धावले होते.