शेवटी स्वस्त कोण पडला?

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात टँडी नावाची कंपनी होती. ‘रेडिओ शॅक’ ही तिची इलेक्ट्रॉनिक मालाची दुकानं अमेरिकाभर पसरलेली. १९७७ मध्ये तिने घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणायचं ठरवलं, तेव्हा वरिष्ठांचा हिशेब सावध होता. पहिल्या खेपेला साडेतीन हजार नग करावेत, कारण दुकानंही साधारण तेवढीच. माल नाहीच खपला, तर एकेक नग एकेका दुकानात ठेवून मालाच्या नोंदी त्यावर करता येतील, म्हणजे पैसे अगदीच पाण्यात जायचे नाहीत. ३ ऑगस्टला टीआरएस-८० जाहीर झाला. मॉनिटर आणि टेपरेकॉर्डर धरून किंमत ५९९ डॉलर ९५ सेंट. पहिल्या दीड महिन्यात सुमारे दहा हजार नग गेले.

त्याच वर्षी आणखी दोन स्पर्धक मैदानात उतरले होते. कमोडोरचा पेट ८ केबी मेमरीसह ७९५ डॉलरला मिळे. तिसरा होता ॲपल-२. नुसत्या ४ केबीला १,२९८ डॉलर, ४८ केबी हवी तर २,६३८, आणि मॉनिटर ज्याने त्याने आपापला आणायचा. तिघांची किंमत शेजारी शेजारी मांडली, तर ॲपल-२ घेणारा माणूस वेडाच ठरला असता. पण पुढच्या सोळा वर्षांत हा निकाल पार उलटा झाला. पर्सनल कॉम्प्युटरच्या इतिहासात हे वारंवार घडलं आहे. खरेदीच्या दिवशीची किंमत, यंत्राचा भरवसा आणि त्या घराण्याचं आयुष्य ही तीन वेगळी खाती आहेत, आणि एकातला नफा दुसऱ्यात वळता होईलच असं नाही.

टीआरएस-८० ने पहिलं खातं जिंकलं आणि दुसऱ्यात मार खाल्ला. त्याच्या कीबोर्डवर एक कळ एकदा दाबली की पडद्यावर अक्षर कधीकधी दोनदा उमटे. जास्तीची मेमरी आणि फ्लॉपी जोडायला जी वेगळी पेटी घ्यावी लागे, तिची केबल जरा हलली की काम अडे. अमेरिकेत या यंत्राला ‘ट्रॅश-८०’, म्हणजे कचरा, असं टोपणनाव पडलं. शिवाय ते रेडिओलहरींमध्ये इतका खरखराट मिसळे की सरकारी नियम कडक होताच, १९८१ च्या सुरुवातीला, पहिलं मॉडेल बंद करावं लागलं.

ॲपल-२ चा महागडेपणा कुठे गेला होता, ते झाकण काढल्यावर कळे. आणि ते झाकण हाताने निघे, स्क्रू-ड्रायव्हर लागत नसे. आत आठ स्लॉट रांगेत. प्रिंटरचं कार्ड, फ्लॉपीचं कार्ड, जास्तीची मेमरी, जे हवं ते आणून खोचावं. यंत्राचा रचनाकार स्टीव्ह वॉझ्नियाकने हे स्लॉट हट्टाने ठेवून घेतले होते. रॉड होल्टने बनवलेला पॉवर सप्लाय इतका कमी तापे की पंख्याची गरज पडली नाही. १९७८ मध्ये फ्लॉपी ड्राइव्ह आला, १९७९ मध्ये डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क. आकड्यांचा तक्ता मांडायचा, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलायचे. शंभर डॉलरच्या या प्रोग्रॅमसाठी दोन हजारांचं यंत्र घेणारे हिशेबनीस आणि दुकानदार निघाले. यंत्रातले चिप बदलत गेले, पण जुने प्रोग्रॅम नव्या मॉडेलवर चालत राहिले. ॲपल-२ई हे मॉडेल जानेवारी १९८३ मध्ये आलं आणि नोव्हेंबर १९९३ पर्यंत विकलं जात होतं.

गंमत अशी की हाच धडा ॲपलने स्वतः गिरवला नाही. १९८० मध्ये कंपनीने ऑफिसांसाठी ॲपल-३ काढला. किंमत ४,३४० डॉलरपासून ७,८०० पर्यंत. पंख्याचा आवाज नको, हवेसाठी भोकंही नकोत, असा स्टीव्ह जॉब्सचा आग्रह. उष्णता बाहेर पडावी म्हणून ॲल्युमिनियमचा जड साचा वापरला, पण तो पुरला नाही. यंत्र तापायचं आणि चिप सॉकेटमधून हळूहळू वर सरकायचे. त्यावरचा उपाय ऐकून गिऱ्हाईक चकित व्हायचं. यंत्राची पुढची बाजू काही इंच उचला आणि टेबलावर सोडून द्या! दणका बसला की चिप पुन्हा जागेवर. पहिले चौदा हजार नग कंपनीला बदलून द्यावे लागले. १९८४ मध्ये ॲपल-३ गुंडाळला गेला. त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचा ॲपल-२ मात्र चालूच होता. महाग म्हणजे भरवशाचं, हे समीकरण त्याच घरात खोटं ठरलं.

स्वस्ताईची खरी लढाई पेटली ती १९८२ मध्ये. कमोडोरचे जॅक ट्रॅमिएल यांनी चिप बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनीच विकत घेतलेली होती. इतरांना बाजारातून घ्यावा लागणारा माल त्यांना घरच्या भावात पडे. कमोडोर-६४ ऑगस्टमध्ये ५९५ डॉलरला आला आणि वर्षभरात ३०० च्या खाली उतरला. कोणताही जुना कॉम्प्युटर आणून द्या आणि १०० डॉलर सूट घ्या, अशीही योजना निघाली. लोक काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. टाइमेक्स सिंक्लेअर नावाचं छोटं यंत्र पन्नास डॉलरच्या आसपास मिळत होतं. ते घ्यायचं आणि कमोडोरच्या गळ्यात मारायचं. या मारामारीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं कंबरडं मोडलं. १९८१ मध्ये ५२५ डॉलरला आलेला त्यांचा ९९/४ए दोन वर्षांत शंभरावर उतरला, आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये कंपनीने हा धंदाच सोडल्याचं जाहीर केलं. ज्यांनी तो घेतला होता, त्यांचं यंत्र ठणठणीत होतं. फक्त त्याच्यामागे आता कोणी नव्हतं.

कमोडोर-६४ जगभर एक कोटीहून जास्त खपला. एका मॉडेलचा एवढा खप त्या काळात दुसऱ्या कोणाला जमला नाही. पण काटकसर कुठेतरी बाहेर पडतेच. त्याचा पॉवर सप्लाय म्हणजे राळ ओतून बंद केलेली एक वीट. आतली उष्णता बाहेर पडायला वाव नाही, आणि उघडून दुरुस्त करायचीही सोय नाही. काही वर्षांनी आतला रेग्युलेटर जाई, पाच व्होल्टच्या जागी जास्त दाब येई, आणि सप्लाय मरताना मेमरीचे चिप सोबत घेऊन जाई. जुनी यंत्रं जपणारे शौकीन आजही मूळ सप्लाय जोडत नाहीत. फ्लॉपी ड्राइव्हचं तर नाकापेक्षा मोती जड. त्यात स्वतःचा प्रोसेसर होता, त्यामुळे किंमत सुरुवातीला चारशे डॉलर. वेग गोगलगायीचा, आणि तापला की डोकं जागेवरून सरकलेलं. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोरने दिवाळं जाहीर केलं, तोवर हे यंत्र बनतच होतं. कंपनी एकच, कारखाना तिचाच, चिपही तिचेच. ती बुडाली तशी सगळी वंशावळ थांबली.

आयबीएमची तऱ्हा याच्या नेमकी उलट. मोठ्या कंपन्यांना अजस्र यंत्रं पुरवणाऱ्या या कंपनीला छोट्या कॉम्प्युटरची घाई झाली होती. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या चमूने बाजारात मिळणारे सुटे भाग वापरून वर्षभरात यंत्र उभं केलं. प्रोसेसर इंटेलचा, यंत्र चालवणारी डॉस प्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि ती डॉस इतरांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टकडेच राहिलेला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी जाहीर झाला. १,५६५ डॉलर ही किंमत फक्त जाहिरातीपुरती, कारण त्यात फ्लॉपी ड्राइव्हही नव्हता. कामाचं यंत्र तीन हजारांच्या घरात जाई. पेटी पत्र्याची, कीबोर्ड खणखणीत आणि जड, आत पाच स्लॉट. आयबीएमने या यंत्राचं तांत्रिक पुस्तकही विकायला ठेवलं होतं. त्यात सर्किटच्या आकृत्या होत्या आणि यंत्र सुरू होताच चालणाऱ्या बायोसचा पूर्ण प्रोग्रॅमही.

बायोसवर कॉपीराइट होता, म्हणून नक्कल करणं बेकायदा. ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने वाट काढली. एका गटाने बायोस काय काय करतो ते लिहून काढलं. मूळ प्रोग्रॅम कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने ते वाचून नवा लिहिला. कॉम्पॅक पोर्टेबल १९८३ मध्ये विक्रीला आला आणि पहिल्याच वर्षी कंपनीने ११ कोटी १० लाख डॉलरची विक्री केली. १९८४ पासून फिनिक्स कंपनी असा बायोस कोणालाही विकू लागली. मग काय, तैवानपासून टेक्सासपर्यंत ‘कम्पॅटिबल’चं, म्हणजे आयबीएमचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रांचं, पीक आलं.

त्यातल्या प्रत्येक यंत्राचा भरवसा देता येत नव्हता. खुद्द आयबीएमच्या १९८४ सालच्या एटी मॉडेलमधल्या २० एमबी हार्ड डिस्क इतक्या बंद पडल्या की पुरवठादार सीएमआयचं नाव खराब झालं. पण एक पेटी बिघडली तर दुसऱ्या कोणाचा भाग तिच्यात बसत होता, आणि फाइल तिसऱ्या कोणाच्या पेटीवर उघडत होती. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ काढून नव्या, परवाना लागणाऱ्या स्लॉटने हा बाजार पुन्हा ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपला वेगळा स्लॉट ठरवला, आणि आयबीएम एकटी पडली. २००५ मध्ये तिने हा धंदा चीनच्या लेनोवोला विकला. पीसीवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. जन्मदात्री कंपनी बाहेर पडूनही टिकलेलं हे घराणं आहे.

मराठी माणसाशी या मोकळ्या स्लॉटचा सरळ संबंध आला. डॉसच्या जमान्यात पडद्यावर देवनागरी उमटवायची तर यंत्रातच काही भर घालावी लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं आणि ‘जिस्ट’ कार्ड तयार झालं. ते पीसीच्या स्लॉटमध्ये खोचलं की इंग्रजी प्रोग्रॅममध्ये मराठी टाइप होऊ लागे. स्लॉट आणि त्याची माहिती खुली नसती, तर पुण्यातल्या संस्थेला हे करायला अमेरिकेतून परवानगी आणावी लागली असती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड एकाकडून, रॅम दुसऱ्याकडून, कॅबिनेट तिसऱ्याकडून घेऊन ‘असेंबल’ करून देणारे उभे राहिले, तेही याच मोकळीकीच्या जोरावर.

ॲपलच्या मॅकिंटॉशने दुसरं टोक धरलं. २४ जानेवारी १९८४ रोजी तो २,४९५ डॉलरला आला, तेव्हा त्यात १२८ केबी मेमरी होती, स्लॉट एकही नव्हता आणि पुन्हा पंखाही नव्हता. त्याला ‘टोस्टर’ म्हणू लागले ते उगाच नाही. त्याला तारलं छपाईने. १९८५ मध्ये ६,९९५ डॉलरचा लेझररायटर हा प्रिंटर आणि पानं मांडणारा अल्डसचा पेजमेकर हा प्रोग्रॅम आला. टाइपसेटिंगच्या अवाढव्य यंत्रांशी तुलना करता हा सगळा संच छापखान्यांना स्वस्तच पडला. मॅक तगला, पण जुन्या सॉफ्टवेअरला सोबत नेण्याची हमी त्याने कधी दिली नाही. १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० मालिकेकडून पॉवरपीसी, २००६ मध्ये इंटेल, २०२० मध्ये ॲपलचा स्वतःचा चिप. प्रत्येक वेळी दुभाषा प्रोग्रॅम पुरवला गेला, आणि पहिल्या दोन वेळी तो काही वर्षांनी काढून घेतला. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनाने तर ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका झटक्यात बाद केले. विंडोजवर मात्र वीस वर्षांपूर्वीचा हिशेबाचा प्रोग्रॅम आजही बऱ्याचदा चालतो.

यंत्राच्या भरवशाबाबत कोणत्याच घराण्याने बढाई मारू नये. २००३ ते २००५ या काळात डेलने विकलेल्या १ कोटी १८ लाख कॉम्प्युटरमध्ये फुगून गळणारे कपॅसिटर असण्याचा धोका होता. मदरबोर्डवरची ही छोटी नळकांडी वरून सपाट असायला हवीत. ती डब्यासारखी फुगायची, वर तपकिरी द्रव यायचा आणि मशीन मधूनच बंद पडायचं. डेलला यासाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. ॲपलच्या आयमॅक जी-५ लाही हाच रोग झाला. २०१५ नंतरच्या मॅकबुकमध्ये कीबोर्ड इतका पातळ केला की धुळीचा कण गेला तरी कळ अडे. २०१८ मध्ये ॲपलला फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली.

मालकीचा एकूण खर्च मोजायची पद्धत गार्टनर या सल्लागार कंपनीने १९८७ मध्ये मांडली. खरेदी, दुरुस्ती, शिकवणं, मदतीला बसवलेली माणसं, सगळं धरायचं. या हिशेबातला सर्वांत बोलका आकडा दिला तो आयबीएमनेच. २०१५ पासून तिने आपल्या कर्मचाऱ्यांना मॅक निवडायची मुभा दिली. मॅकवाल्यांपैकी ५ टक्के लोकांना मदतकेंद्राला फोन करावा लागे, पीसीवाल्यांपैकी ४० टक्क्यांना. २०१६ मध्ये तिने सांगितलं की चार वर्षांत दर मॅकमागे २७३ ते ५४३ डॉलर वाचतात. अर्थात हा हिशेब हजारो यंत्रं एकदम घेणाऱ्या आणि अमेरिकेतला पगार देणाऱ्या कंपनीचा. जिथे दुरुस्ती करणारा गल्लीच्या कोपऱ्यावर बसतो आणि पाच-सातशे रुपयांत काम करून देतो, तिथे तो जसाच्या तसा लावता येत नाही.

आता तर आयुष्य यंत्रावर ठरतच नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि चालू स्थितीतली कितीतरी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मॅकओएस २६ ही इंटेलवाल्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलनेही जाहीर केलं आहे. तेव्हा नवा कॉम्प्युटर घ्यायला जाल, तर वॉरंटी विचारून थांबू नका. अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, रॅम आणि डिस्क पुढे बदलता येईल का, आणि सुटे भाग दुसऱ्या कोणाकडे मिळतात का, हे तीन प्रश्न आधी विचारा. किमतीची घासाघीस त्यानंतर.