भुरी (द्राक्षावरील रोग)

भुरी हा द्राक्षवेलीला होणारा बुरशीजन्य रोग आहे. पाने, कोवळे शेंडे, फुलोरा व मणी यांवर राखाडी-पांढरी भुकटी दिसते, त्यावरून हे नाव पडले. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत, विशेषतः इंदापूर तालुक्यातील बोरी परिसरातील बागांत, केवड्याबरोबरच भुरी हाही महत्त्वाचा रोग मानला जातो.

कारक बुरशी

हा रोग एरिसायफे नेकेटर या बुरशीमुळे होतो. ती केवळ सजीव वनस्पतीवर वाढते. तिचे तंतू पृष्ठभागावर पसरतात व पेशींत शोषकांगे घालून अन्नरस घेतात. मूळची उत्तर अमेरिकेतील ही बुरशी युरोपात प्रथम १८४५ मध्ये इंग्लंडमधील मार्गेट येथे एडवर्ड टकर या माळ्याच्या लक्षात आली. पुढे फ्रान्समधील द्राक्षशेतीची तिने मोठी हानी केली आणि तेव्हाच गंधकाचा उपाय रूढ झाला.

अनुकूल हवामान

२० ते २७ अंश सेल्सियस तापमान, ढगाळ हवा व दाट पालवीतील सावली रोगास पोषक ठरते. बीजाणू रुजण्यास पानावर पाणी असावे लागत नाही. त्यामुळे कमी पावसाच्या या पट्ट्यातही रोग वाढतो. बीजाणूंचा प्रसार वाऱ्याने होतो आणि अनुकूल तापमानात सुमारे ५ ते ७ दिवसांत नवी पिढी तयार होते. महाराष्ट्रात वेल वर्षभर हिरवी राहत असल्याने बुरशी डोळ्यांत व जुन्या काड्यांवर टिकून राहते. ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर, हिवाळ्यात घड वाढत असताना, धोका अधिक असतो.

लक्षणे

पानाच्या दोन्ही बाजूंस पांढरे ठिपके पडतात. कोवळी पाने वाकडी होतात. काड्यांवर तपकिरी-काळपट डाग राहतात. फुलोऱ्यावर रोग आल्यास मणी धरत नाहीत. लहान मण्यांची साल कडक होऊन वाढ थांबते, आतील गर मात्र वाढत राहतो. परिणामी मणी तडकतात. उरलेल्या मण्यांवर जाळीदार खुणा राहून घड विक्रीयोग्य राहत नाही.

निदान

पांढरेपणा दिसला म्हणजे भुरीच, असे नव्हे.

* भुरी: भुकटी बोटाने पुसता येते व खाली तपकिरी डाग दिसतो.
* केवडा: पानाच्या वरील बाजूस तेलकट पिवळे डाग, तर खालच्या बाजूस पांढरी कापसासारखी वाढ असते, ओली हवा लागते.
* पिठ्या ढेकूण: मेणचट कापसाखाली कीटक आढळतो, चिकट स्राव व मुंग्या असतात.
* फवारणीचे डाग: थेंबांच्या आकाराचे असतात व वाढत नाहीत.

शंका असल्यास भिंगाने तपासावे. भुरी व केवडा यांची औषधे भिन्न असल्याने निदान चुकल्यास खर्च वाया जातो आणि मधल्या काळात रोग घडापर्यंत पोहोचतो.

व्यवस्थापन

छाटणीनंतर रोगट काड्या व पाने बागेबाहेर नेऊन नष्ट करतात. फुटींची विरळणी करून घडापर्यंत हवा व ऊन पोहोचू देतात. नत्राचा अतिरेक टाळतात. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक प्रतिलिटर २ ग्रॅम या प्रमाणात प्रतिबंधासाठी वापरले जाते. मात्र कडक उन्हात गंधकाने पाने व मणी करपतात. म्हणून फवारणी सकाळी किंवा सायंकाळी करतात. हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल यांसारखी आंतरप्रवाही बुरशीनाशके वापरताना एकाच गटाचे औषध वारंवार फवारल्यास बुरशी प्रतिकारक्षम होते. त्यामुळे गट बदलणे आवश्यक असते. अँपेलोमायसिस क्विस्क्वॅलिस ही भुरीच्या बुरशीवरच जगणारी बुरशी जैविक नियंत्रणासाठी वापरतात. ती गंधकाच्या फवारणीपासून अंतर ठेवून द्यावी लागते.

काढणीपूर्वी फवारणी व तोडणी यांतील विहित अंतर पाळणे अनिवार्य आहे. उर्वरित अंश मर्यादेबाहेर गेल्यास निर्यातीचा माल नाकारला जातो. यासंबंधीच्या शिफारशी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र प्रसिद्ध करते. बारामती येथील कृषी विज्ञान केंद्रही परिसरातील शेतकऱ्यांना मार्गदर्शन करते.