शेवाळ आणि जंतु

जंतुशास्त्राचा पाया समुद्रांतील शेवाळावर रचला गेला आहे, असें म्हटल्यास वाचकांस तें अतिशयोक्तीचें वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे. इ. स. १८८१ च्या सुमारास बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या वाल्टर हेस्से यांना त्यांच्या पत्नी फॅनी यांनीं जंतु वाढविण्यासाठीं जिलेटिनऐवजीं अगर-अगर वापरण्याचें सुचविलें. तांबड्या समुद्रशेवाळापासून निघणारा हा पदार्थ त्यांच्या स्वयंपाकघरांत जेलीसाठीं वापरला जात असे, आणि जिलेटिनसारखा तो उन्हाळ्यांत वितळत नसे.

त्याच वनस्पतिवर्गाकडे औषध म्हणून पाहण्याची बुद्धि मात्र उशिरां झाली. १९४४ सालीं, पेनिसिलिनचा डंका सर्वत्र वाजत असतां, कॅलिफोर्नियांत रॉबर्टसन प्रॅट व त्यांचे सहकारी यांनीं क्लोरेला नांवाच्या गोड्या पाण्यांतील सूक्ष्म शैवालापासून जंतूंची वाढ रोखणारें द्रव्य मिळविलें व त्यास क्लोरेलिन असें नांव दिलें. पुढें तें बव्हंशीं प्रकाश व हवा यांच्या योगानें बदललेल्या मेदाम्लांचें बनलेलें आहे, असें दिसून आलें. पेनिसिलिनची सर त्याला आली नाहीं.

इकडे जंतुही स्वस्थ बसले नव्हते. अपुऱ्या मात्रेनें ते निर्ढावतील, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या नोबेल व्याख्यानांतच दिला होता. १९५९ मध्यें मेथिसिलिन आलें, आणि त्याला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस जंतु इंग्लंडांत १९६१ सालीं नोंदले गेले. अवघीं दोन वर्षें!

सिडनीजवळच्या समुद्रांत डेलिसिया पुल्क्रा नांवाचें एक तांबडें शेवाळ वाढतें. समुद्रांतील इतर पृष्ठभागांवर जंतूंचा व चिकटून राहणाऱ्या जीवांचा थर सहज चढतो. याचें अंग मात्र बरेंचसें स्वच्छ असतें. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे पीटर स्टाइनबर्ग व स्टाफान शेलेबर्ग यांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत याचा शोध घेतला. जंतु रासायनिक संकेतांनीं आपली संख्या परस्परांस कळवितात आणि पुरेसें बळ जमल्यावर एकजुटीनें वागतात. या शेवाळांतील फ्युरॅनोन द्रव्यें त्या संकेतांच्याच आड येतात. म्हणजे शत्रूस मारावयाचें नाहीं, त्याचा निरोप्या अडवावयाचा! जेथें मरणाचें भय नाहीं, तेथें निर्ढावण्याचें कारणही उरणार नाहीं, अशी पुष्कळांची आशा होती. युक्तिवाद मोहक खरा, पण जंतूंच्या मागील वर्तनाकडे पाहतां तो जरा अधिकच सोयीचा होता. २०१२ सालीं ब्रोमीनयुक्त फ्युरॅनोनलाही न जुमानणारे स्यूडोमोनास जंतु आढळल्याचें प्रसिद्ध झालें. आंत शिरलेलें द्रव्य बाहेर फेकण्याची त्यांची शक्ति वाढलेली होती. शिवाय या द्रव्यांचा विषारीपणा ही अडचण होतीच.

शेवाळाच्या अर्कानें हट्टी जंतु नष्ट झाले, असें सांगणारे निबंध हल्लीं वारंवार वाचावयास मिळतात. ते खोटे नव्हेत. पण ते बहुधा कांचेच्या बशींतील असतात, आणि बशीपासून रोग्याच्या रक्तापर्यंतची वाट फार लांबची आहे. शेवाळापासून काढलेलें एकही प्रतिजैविक अद्याप रुग्णालयांच्या नित्याच्या वापरांत आलेलें नाहीं. अर्क म्हणजे अनेक द्रव्यांची सरमिसळ. ऋतु बदलला, किनारा बदलला, कीं त्यांचें प्रमाण बदलतें, आणि एका वेळचा गुण दुसऱ्या वेळच्या अर्कांत तितकाच उतरेल याची हमी देतां येत नाहीं.