गोमंतकीयांचे पोर्तुगीज नागरिकत्व

गोवा, दमण व दीव येथे पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्यानुसार मागता येणारे नागरिकत्व. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या केंद्रीय आदेशाने, या प्रदेशात स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म झालेले सर्व जण भारतीय नागरिक ठरले. ज्यांना हे नको होते त्यांनी महिन्याभरात तसे लेखी कळवायचे होते. फादर शिकु मोन्तेरो यांनी तसे कळवून पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखले. निवास परवान्याची मुदत १९६४ मध्ये संपल्यावर त्यांनी देश सोडण्यास नकार दिला. त्यांना झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये कायम केली. जन्मभूमीतच माणूस परका कसा ठरतो, हे या खटल्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले. मात्र मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांना तो देश आपले नागरिक मानत राहिला. व्यवहारात सारे काही कागदावर अवलंबून असते. आधी आजोबांची किंवा वडिलांची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करावी लागते, लग्नाचीही, त्यानंतर मुलांची. जुन्या दाखल्यात नाव किंवा आडनाव वेगळे लिहिले असेल, तर प्रकरण तिथेच अडते. ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे मुक्तपणे राहता व काम करता येत असे. स्विंडन, साउथॉल येथील गोमंतकीय वस्ती त्यातूनच वाढली.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते आणि परदेशी पासपोर्ट हा त्याचा निर्णायक पुरावा समजला जातो. नुसती लिस्बनमधील जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व घेणे का, हा प्रश्न वादाचा राहिला आहे. दोन्हीकडचे कायदे आपापल्या जागी सुसंगत आहेत. ताण सोसावा लागतो तो कुटुंबांना. परदेशी नागरिक झालेल्यांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर भारतात आजीवन ये-जा करता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही.