खोटा दाखला आणि दुरावलेली भावंडं

 आपल्या प्रत्येकीच्या घरात एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात सातबारा, रेशनकार्ड, बचत गटाचं पासबुक आणि पोराबाळांचे जन्माचे दाखले असतात. दाखल्यावर नाव असतं, जन्मतारीख असते, आईबापाचं नाव असतं. तो कागद आपण जपून ठेवतो, कारण मूल कोणाचं हे सरकारदरबारी तोच सांगतो. आता असं समजा, की त्या दाखल्यावर सरकारी शिक्का खरा आहे, पण आईचं नाव खोटं आहे. आणि खरा दाखला कुलपात आहे, तो मुलालाही बघायला मिळत नाही. आज आम्ही तुम्हाला अशाच हजारो दाखल्यांची गोष्ट सांगणार आहोत. ती अमेरिकेत घडली, पण ज्यांच्यावर ती गुदरली ते लोक आपल्यासारखेच कष्टकरी होते.

अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे. तिथे मिसिसिपी नदीच्या काठावर मेम्फिस हे शहर आहे. आपल्याकडे जसं यवतमाळ, अकोला, तसं ते कापसाच्या बाजारपेठेचं गाव. आजूबाजूला वाट्यानं शेती करणारे, रोजंदारीवर जाणारे, नदीवर होड्यांतून राहणारे लोक. १९२९ नंतर तिकडे मोठी मंदी आली. कापसाचे भाव पडले, हाताला काम राहिलं नाही. घरात चार-पाच लेकरं आणि चूल एकच वेळ पेटायची.

या शहरात मुलांना आधार देणाऱ्या एका संस्थेची शाखा होती. टेनेसी चिल्ड्रेन्स होम सोसायटी हे तिचं नाव. १९२४ साली तिथे जॉर्जिया टॅन नावाची बाई कामाला आली आणि पुढे तीच शाखेची प्रमुख झाली. न्यायाधीशाची मुलगी, शिकलेली, बोलायला गोड. तोवर अमेरिकेत परकं मूल दत्तक घ्यायला लोक कचरत. गरिबाच्या मुलाचं रक्तच वाईट असतं, असं म्हणत. या बाईनं पैसेवाल्यांना पटवलं, की लेकरू म्हणजे कोरी पाटी, तुम्ही लिहाल ते त्यावर उमटेल. लोकांना पटलं आणि तिचं नाव देशभर झालं. वर्तमानपत्रांत मुलांचे फोटो छापून यायचे, नाताळात तर भेटवस्तूसारखी मुलं दाखवली जायची. सिनेमातल्या नामवंत नट्यांनीही तिच्याकडून मुलं घेतली.

पण मागणी वाढली, तेव्हा एवढी मुलं आणायची कुठून? सगळी काही अनाथ नव्हती. पुष्कळांचे आईबाप जिवंत होते. त्यांची लेकरं कशी मिळवली, ते नीट ऐका.

एक पद्धत दवाखान्यातली. बाळंतीण गुंगीत असताना तिच्या हातात कागद द्यायचे. नेहमीचे कागद आहेत, सही कर, असं सांगायचं. जाग आल्यावर कळायचं, की आपण मूल देऊन टाकलं. काही जणींना सांगितलं, की बाळ मेलंच. दुसरी पद्धत दारावर येण्याची. घरात आजारपण आहे, खायला नाही, असं कळलं की टॅनबाई मदतीच्या नावानं यायची. थोडे दिवस मुलं आमच्याकडे ठेवा, घर सावरलं की परत न्या, म्हणायची. त्यासाठी एक कागद लागायचा. वाचता न येणाऱ्या आईला तो वाचून दाखवला जात नसे. तिसरी पद्धत सरळ उचलून नेण्याची. मोठी काळी मोटार यायची. गाडीतून फिरवून आणतो म्हटल्यावर पोरं आनंदानं बसायची.

एका आईची हकीकत पुढे टीव्हीवर आली होती. तिचं नाव आम्ही घेत नाही. १९४६ साली तिचं लहान बाळ आजारी होतं. टॅनबाई घरी आली आणि म्हणाली, मी फुकट उपचार करून देते, पण तू दवाखान्यात येऊ नको, आलीस तर पैसे भरावे लागतील. आई घरी थांबली. नंतर निरोप आला, की बाळ गेलं. त्या माउलीला ना बाळ बघायला मिळालं, ना त्याची माती. चाळीसहून अधिक वर्षांनी टीव्हीवर टॅनबाईचा फोटो आला. आईनं तो ओळखला आणि चौकशी सुरू केली. तेव्हा समजलं, की लेक जिवंत आहे, दुसऱ्या घरी दुसऱ्या नावानं वाढली आहे.

आता भावंडांचं बघू. एका घरातली तीन-चार लेकरं एकदम नेली, तरी ती एकत्र राहत नसत. घेणाऱ्यांना तान्हं बाळ हवं असे, तेही गोरं, निळ्या डोळ्यांचं. सात-आठ वर्षांच्या भावाला मागणी नसे, कारण त्याला सगळं आठवतं. म्हणून धाकटी पहिली जायची, मोठा मागे राहायचा. एक न्यूयॉर्कला, एक कॅलिफोर्नियाला. नाव बदललं, कधी जन्मतारीख बदलली, कधी धर्मही बदलला. मुलाबरोबर जी माहिती दिली जायची तीही बनवलेली असायची. आई कॉलेजात शिकत होती, बाप डॉक्टरकीचा विद्यार्थी होता, असं काहीतरी. घेणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून.

यात पैसा होता. राज्यातल्या राज्यात मूल दिलं तर घ्यायची रक्कम फक्त ७ डॉलर होती. राज्याबाहेर दिलं की प्रवासखर्चाच्या नावाखाली शेकडो डॉलर घेतले जायचे. एकाच फेरीत चार-पाच बाळं न्यायची आणि प्रत्येक घराकडून पूर्ण भाडं वसूल करायचं. वरचे पैसे संस्थेच्या खात्यात न जाता टॅनबाईच्या खात्यात जायचे. हे एकट्या बाईला जमलं नसतं. बालन्यायालयाच्या न्यायाधीश कॅमिल केली मुलं काढून घेण्याचे आदेश देत होत्या. शहरावर एडवर्ड क्रम्प या पुढाऱ्याची सत्ता होती आणि त्याचं टॅनबाईला पाठबळ होतं. शेजारीपाजारी तक्रार करत, डॉक्टर तक्रार करत, पण ऐकणारं कुणी नव्हतं.

सगळ्यात वाईट हाल तान्ह्या बाळांचे झाले. १९४५ साली संस्थेत हगवणीची साथ आली आणि चार महिन्यांच्या आत चाळीसहून जास्त मुलं दगावली. मेम्फिसच्या एल्मवुड स्मशानभूमीत या संस्थेतली १९ मुलं पुरलेली आहेत. कितीतरी वर्षं तिथे त्यांच्या नावाचा साधा दगडही नव्हता. तो २०१५ साली बसवला.

सप्टेंबर १९५० मध्ये राज्याचे गव्हर्नर गॉर्डन ब्राउनिंग यांनी जाहीर केलं, की या बाईनं मुलं विकून अमाप पैसा केला आणि तिची चौकशी चालू आहे. तीन दिवसांनी टॅनबाई कर्करोगानं वारली. न्यायाधीशबाईंनी त्याच वर्षी पद सोडलं. संस्था बंद झाली. तुरुंगात मात्र एकही माणूस गेला नाही. सुमारे पाच हजार मुलं तिच्या हातून गेली, असा अंदाज आहे.

चोरी उघड झाली, तर मुलं आईबापांना परत मिळाली असतील, असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी परत गेली. बाकीची नव्या घरात रुळली आहेत, आता हलवू नका, असं म्हटलं गेलं. त्यानंतर कागद कुलपात गेले.

इथे दाखल्याची गोष्ट समजून घेऊ. त्या काळी लग्नाशिवाय झालेल्या मुलाच्या दाखल्यावर तसा शिक्का असे. जन्मभर त्याला मान खाली घालावी लागे. म्हणून अमेरिकेतल्या राज्यांनी नियम केला, की दत्तक गेलेल्या मुलाला नवा दाखला द्यायचा, त्यावर घेणाऱ्या आईबापाचंच नाव घालायचं आणि जुना दाखला बंद करून ठेवायचा. हेतू चांगला होता. पण ज्यांनी मूल चोरलं त्यांनाही तेच कुलूप उपयोगी पडलं. आई कचेरीत गेली तर उत्तर मिळे, कागद दाखवता येत नाही. भाऊ गेला तरी तेच उत्तर.

कागदाचं कुलूप कचेरीत होतं, पण घराघरांतही कुलपं लागली. ज्या घरातून मूल गेलं तिथे आई गप्प झाली. आपण सही केली, आपण गाडीत बसू दिलं, हा सल तिला. नंतर झालेल्या लेकरांना तिनं सांगितलंच नाही, की तुमच्या आधी एक बहीण होती. ज्या घरात मूल आलं तिथेही पुष्कळांनी लपवलं. त्यातले कितीतरी जण भले होते. त्यांनी त्या मुलांना मायेनं वाढवलं, शिकवलं. मूल चोरीचं आहे, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. पण सांगितलं तर पोर आपल्याला सोडून जाईल, ही भीती. मग आई वारल्यावर कपाटात एखादं पत्र, एखादी पावती सापडायची आणि पन्नाशीच्या माणसाला कळायचं, की आपण दत्तक आहोत. आणि तिसरी जागा त्या मोठ्या भावाची. त्याला आठवत होतं. धाकटीचं नाव, तिच्या गालावरची खळी, शेवटी तिला कुठल्या दारातून नेलं ते. पण त्याच्याजवळ कागद नव्हता, म्हणून त्याचं कुणी खरं मानत नव्हतं.

हे कुलूप उघडायला चाळीस-पन्नास वर्षं लागली. मेम्फिसमध्ये काही जणांनी जाणून घेण्याचा हक्क मागणारं मंडळ काढलं. त्यात बायका पुढे होत्या. त्यांनी न्यायालयातल्या जुन्या वह्या, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, जनगणनेच्या याद्या चाळल्या आणि एकेक भाऊ-बहीण जुळवत नेली. हे काम फुकट केलं. त्यांनी सरकारकडेही धोसरा लावला. १९९५ साली टेनेसीनं कायदा बदलला आणि सज्ञान झालेल्या दत्तक मुलांना आपली कागदपत्रं बघायचा हक्क दिला. त्यालाही विरोध झाला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९९९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा कायम केला. तोवर पुष्कळ आया वारल्या होत्या. काही भावंडं भेटली ती साठी-सत्तरीत. आता थुंकीच्या नमुन्यावरून नातं सांगणारी डीएनए तपासणी आहे, तिच्यामुळे अजूनही कुणी कुणाला सापडतं.

भेट झाली म्हणजे सगळं गोड झालं असंही नाही. काहींची गट्टी जमली. काही जण एकदा भेटले, कारण बोलायला काही सामाईकच उरलं नव्हतं. बालपण एकत्र गेलं नाही, एकाच ताटात जेवलो नाही, भांडलो नाही, मग नातं रक्तात असलं तरी सवयीत कुठून येणार? तरीही बहुतेकांनी सांगितलं, की कळलं ते बरं झालं. आईनं आपल्याला टाकलं नव्हतं, एवढं कळणंच पुष्कळ होतं.

मैत्रिणींनो, आपल्या देशातही मुलं परदेशी देण्यात गैरप्रकार होत होते. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्रावरूनच १९८४ साली निकाल झाला आणि परदेशी दत्तक देण्यावर नियम आले. पुढे त्यावर देखरेख करणारी 'कारा' ही सरकारी संस्था उभी राहिली. आज कायदा असा आहे: एखाद्या आईला मूल सांभाळणं अशक्य झालं, तर तिनं ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे स्वाधीन करायचं. त्यानंतरही दोन महिने तिला विचार बदलता येतो. मूल विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हे आहेत, आणि दवाखान्यातल्या माणसानं केलं तर शिक्षा जास्त आहे. दत्तक गेलेलं मूल अठरा वर्षांचं झाल्यावर आपलं मूळ शोधण्यासाठी अर्ज करू शकतं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत या तीन गोष्टी बोलाच. दवाखाना असो, बँक असो, वाचल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. वाचता येत नसेल तर गटातली मैत्रीण बरोबर न्या. दुसरी गोष्ट, कुणी पोरीबाळीच्या अडचणीचा फायदा घेऊन परस्पर मूल नेतो म्हणालं, तर १०९८ या नंबरवर फोन करा, तो फुकट आहे. तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. आपल्या नात्यात कुणाचं मूल दत्तक आलेलं असेल, तर ते त्याला घरच्याच माणसानं, प्रेमानं, लहानपणीच सांगावं. शेजारणीच्या तोंडून किंवा पेटीतल्या कागदावरून कळू नये.

आणि कुणाच्या घरी एखादी म्हातारी आजी हरवलेल्या लेकराचं नाव अजून घेत असेल, तर तिला वेडी म्हणू नका. जवळ बसा. ती सांगेल ते नाव, गाव, साल वहीत लिहून ठेवा. मेम्फिसमध्ये कितीतरी भावंडं अशाच आठवणींवरून सापडली.