मुरुड-जंजिऱ्याला जाताय? आधी भरतीची वेळ बघा

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या लागल्या की मुंबई, पुणे, भिवंडीकडची अनेक कुटुंबं आणि शाळा-मदरशांच्या सहली मुरुडला निघतात. रस्ता कुठला, राहायचं कुठं, हे सगळे विचारतात. भरती किती वाजता आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना घेऊन बाहेर पडतो, म्हणून आमच्या दृष्टीनं हाच पहिला प्रश्न. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ कॉलेज विद्यार्थी दुपारच्या वेळी मुरुडच्या समुद्रात बुडाले. ती मुलं आपल्याच घरांतली होती.

मुरुडचा किनारा सपाट, लांबलचक दिसतो. पाणी गुडघाभर वाटतं आणि माणूस पुढं पुढं जात राहतो. पण वाळूखाली चर असतात. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. भरतीचं पाणी समोरून येतंच, शिवाय पाठीमागची चरही भरून टाकतं, आणि किनाऱ्याकडे परतायची वाट बंद होते. काशीदला तर उतार आणखी तीव्र आहे, तिथं पोहायच्या भानगडीत पडूच नये. उजाड पट्टा दिसला म्हणून खुशाल पाण्यात उतरू नका. गावातले लोक नेमके तिथं का उतरत नाहीत, ते आधी विचारा.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास पूर्ण सुकती. पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा ते बारा. यात अर्धा-पाऊण तास मागंपुढं धरावा. ज्यांच्या घरात पंचांग नसतं त्यांनी चांदाची तारीख घ्यावी. चांदाच्या १ ते १४ तारखेत एक मिळवला की साधारण तिथी मिळते, पंधरा तारखेपासून पुढं चौदा वजा करायचे. चांदाची २२ म्हणजे वद्य अष्टमी. वर्गात हे गणित मुलांकडून सोडवून घेतलं तर मुलं त्यात रमतात, आणि किनाऱ्यावर गेल्यावर बाईंचं ऐकतात.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितक्याच जोरानं उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा चढउतार कमी. लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर भांगाचे दिवस निवडा.

आता किल्ला. जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आलेला, म्हणजे बेट. होड्या मुरुडहून चार-पाच किलोमीटरवरच्या राजपुरीहून सुटतात. शिडाच्या होड्या आहेत, माणसं भरली की निघतात. सकाळी लवकर गेलेलं बरं, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो आणि होडी हलायला लागते. रविवारी रांग ठरलेली. शुक्रवारी जुम्याच्या नमाजासाठी दुपारी बारा ते दोन होड्या थांबतात, हे धरूनच निघा. आपल्या लोकांनी तर राजपुरीतच जुमा पढून मग होडीत बसावं. पावसाळ्यात, जूनपासून ऑगस्टअखेर, होड्या बंद असतात. मुंबईहून नुसता पाऊस बघायला येऊन किल्ला लांबूनच बघून परतलेले लोक आम्ही बरेच पाहिलेत.

होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या. नाही म्हणाले तर दुसरी होडी बघा, संकोच नको. उतरताना होडी वरखाली होते, तेव्हा एका हातात मोबाइल धरून उतरू नका. नावाडी आत थांबायला साधारण पाऊण तास देतात. तेवढ्यात सगळं होत नाही, म्हणून आधीच ठरवा: दरवाज्यावरचं हत्तींना पकडलेल्या वाघासारख्या प्राण्याचं शिल्प, कलाल बांगडी ही प्रचंड तोफ आणि गोड्या पाण्याचे दोन तलाव. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडं पाणी, म्हणूनच किल्ला इतकी वर्षं टिकला. आता ते पाणी पिण्याजोगं नाही. पिण्याचं पाणी आणि टोपी सोबत न्या, आत सावली फार कमी आहे.

गाइड गोष्टी रंगवून सांगतात, ऐकायला मजा येते. पण मुलांना एवढं सांगावं की सिद्दी हे आफ्रिकेतून आलेले दर्यावर्दी होते, संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून किल्ला घ्यायचा प्रयत्न केला, आणि १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं. त्या लढाया तेव्हाच्या राज्यांच्या होत्या, बसमध्ये शेजारी बसलेल्या वर्गमित्रांच्या नव्हेत.

वेळ उरला तर खोकरीला जा. सिद्दी सुरूलखान, याकूतखान आणि खैरियतखान यांच्या घुमटांच्या कबरी तिथं आहेत. गर्दी नसते, फातेहा पढून शांतपणे बसता येतं. नवाबाचा राजवाडा मात्र खाजगी आहे, रस्त्यावरूनच बघावा, गेटवर चढून फोटो काढू नयेत.

मुंबईहून गेटवेहून मांडव्याला लाँच आहे, तिकिटातच अलिबागपर्यंतची बस येते. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्याहून २०२० पासून रो-रो आहे, ती पावसाळ्यातही हवा बघून चालते. अलिबागहून रेवदंडा, साळाव, काशीद असा मुरुडचा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता. वळणं खूप आहेत, मुलांना उलट्या होतात, पिशव्या जवळ ठेवा. श्रीवर्धन-दिवेआगरकडून येणाऱ्यांना दिघीहून आगरदांड्याला जंगल जेट्टी सोयीची.

जेवण घरगुती खाणावळीत सकाळीच सांगून ठेवा, तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण ताजं मिळतं. कोणाकडे सांदण मिळालं तर सोडू नका. रोख पैसे जवळ असू द्या, राजपुरीत मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते. आणि मुरुड स्थानकात उतरल्याबरोबर परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारून घ्या, खोकरीची रिक्षा त्या हिशेबानंच ठरवा.