किनोसाकीच्या पाण्याचा दावा

ज्या ऊन पाण्याने रोग्याचे अंग शेकावे, त्याच पाण्यापायी एका गावाने २३ वर्षे तंटा चालवावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. परंतु जपानमधील किनोसाकी गावाचा इतिहास वाचताना त्या तंट्यामागे एक गंभीर प्रश्न उभा असल्याचे आम्हांस दिसून आले. भूमीच्या पोटातून आपोआप वर येणारे पाणी कोणाचे? जागेच्या धन्याचे, की सर्वांचे?

किनोसाकी हे ह्योगो प्रांताच्या उत्तरेस, मारुयामा नदीच्या मुखाजवळ वसले आहे. आठव्या शतकात दोची नावाच्या भिक्षूने रोगपीडितांसाठी सहस्र दिवस प्रार्थना केली आणि इ. स. ७२० मध्ये ऊन पाणी उसळले, अशी तेथील आख्यायिका आहे. तिच्याशी निगडित असलेल्या स्नानगृहाचे नाव 'मांदारा-यु'. हा 'मांदारा' म्हणजे आपला 'मंडल' हा संस्कृत शब्दच. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो तेथवर पोचला. 'जिझो-यु' ह्या दुसऱ्या स्नानगृहाच्या नावातील जिझो हा आपल्या परिचयाचा क्षितिगर्भ बोधिसत्त्व होय.

ह्या गावाची रूढी अशी, की उतारशाळांतून स्नानाचे कुंड नसे. पाहुण्याने सुती युकाता नेसावा, लाकडी खडावा वाजवीत ओतानी नदीच्या काठाने, वाळुंजांच्या सावलीतून सार्वजनिक स्नानगृहांकडे जावे. रेल्वेस्थानक हे घराचे दार, रस्ते ही ओसरी, उतारशाळा ह्या खोल्या आणि स्नानगृहे हे न्हाणीघर. अशा रीतीने सारे गाव एकच घर आहे, असे तेथील लोक मानतात. १९१३ साली अपघातातून उठलेले लेखक शिगा नाओया येथील 'मिकिया' ह्या उतारशाळेत विश्रांतीस राहिले होते. त्यातूनच १९१७ साली त्यांची 'किनोसाकी येथे' ही प्रसिद्ध कथा प्रकाशित झाली.

२३ मे १९२५ रोजी भूकंप झाला. त्या आपत्तीत त्या प्रदेशातील चारशेंहून अधिक माणसे दगावली. किनोसाकी आगीत भस्मसात झाले. गावकऱ्यांनी ते पुन्हा उभारले. मात्र १९२७ साली त्याच मिकियाने आपल्या आवारात स्वतःच्या पाण्याचे स्नानगृह काढले आणि वादास तोंड फुटले. आपल्या भूमीखालचे पाणी आपले, ही एक बाजू. झरे पिढ्यान्‌पिढ्या समाईक आहेत, ही झऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या गावसंस्थेची बाजू. प्रकरण न्यायालयात गेले, महायुद्ध येऊन गेले, तरी ते मिटेना.

१९५० साली समेट झाला. झऱ्यांवरील गावाचा हक्क मान्य झाला. उतारशाळांस आत स्नानगृहे काढण्याची मुभा मिळाली, परंतु त्यांचा आकार मर्यादित ठेवण्यात आला. पुढे निरनिराळ्या झऱ्यांचे पाणी एकत्र करून नळांनी वाटण्यात येऊ लागले.

आमच्यासारख्या, ज्यांचे आयुष्य फायलींच्या सहवासात जाते, त्यांस ह्या निकालाचे मोल विशेष जाणवते. त्यात कोणी जिंकले नाही, म्हणूनच तो टिकला. आतले कुंड लहान राहिल्यामुळे पाहुणा आजही संध्याकाळी रस्त्यावर येतो, दुकानांवरून फिरतो, अनोळखी माणसांच्या शेजारी पाण्यात बसतो. रूढीला जे एकटीने राखता आले नसते, ते एका अटीने राखले. नदीकाठी खडावांचा आवाज अजून येतो, तो त्या अटीमुळे.